हेराल्डचा आठवा बोल्ट

दीनाताई खुर्चीवर बसण्याआधी वाकून तिचे स्क्रू बघतात. त्यांच्या चष्म्याच्या डबीत चष्मा नसतो, बोल्टचे आटे मोजायची पट्टी असते. चष्मा डोक्यावर असतो आणि त्या तो घरभर शोधत असतात. लग्नाला गेल्या की नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे खांब बघतात. चहा बशीत ओततात. त्यात घालायचं आलं ठेचायला खलबत्ता नाही, एक काळा लोखंडी तुकडा आहे. दोन ठोके, की आलं पातेल्यात. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही त्यांनी वरच्या दिव्याकडे बोट दाखवून तो ढिला असल्याचं खुणेनं सांगितलं होतं. बोलताना बोटांत एक नट फिरवत राहतात. समोरचा खोटं बोलू लागला की नट थांबतो. आणि 'चोरी' हा शब्द त्या वापरत नाहीत. 'बदली' म्हणतात.

ही शेवटची सवय मला सर्वांत उशिरा कळली. तोवर मी तिच्यात सामील झालो होतो.

त्यांचं पूर्ण नाव धम्मदीना. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. आता रिटायर. इंदोरला अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या कॉलनीत घर. खाली त्या, त्यांचा भाचा पंचशील, त्याची बायको आणि त्यांची तान्ही मुलगी संबोधी. वरच्या खोलीत मी, भाड्यानं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, काय शिकलास.

"मराठी साहित्य. एम.ए."

"म्हणजे हातानं काय करतोस?"

"लिहितो."

"चल, हात तर चालतो," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात केरोसिनचा डबा दिला. "हे बोल्ट धू."

बोल्ट हेराल्डचे होते. हेराल्ड म्हणजे पोर्चमध्ये उभी असलेली आकाशी रंगाची जुनी गाडी. तिचं बॉनेट पुढच्या बाजूनं उचललं जातं, मडगार्डांसकट. उघडलं की गाडीनं जांभई दिल्यासारखी वाटते. आत इंजिन नव्हतं. ते शेजारी टेबलावर होतं, सुटं.

गाडी दीनाताईंच्या वडिलांची. वाल्मिकराव, फौजेत सुभेदार, महूच्या वर्कशॉपात. निवृत्त झाल्यावर इंदोरला आले आणि दर चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, घरच्यांना हेराल्डमध्ये भरून महूला नेऊ लागले. एका वर्षी परतताना इंजिन ठोकू लागलं. सुभेदारांनी ते उघडलं. सगळे नट-बोल्ट एका बालदीत टाकले. मग ते आजारी पडले, आणि इंजिन उघडं ते उघडंच राहिलं.

ते आता मिटवायला निघायचं कारण पंचशील.

"आत्या, माझी नवी गाडी चौदा एप्रिलला येतेय," एका संध्याकाळी तो म्हणाला. "कुठं उभी करू? तुझ्या डोक्यावर?"

"डोक्यावर जागा नाही. चष्मा आहे."

"मजाक नाही करत मी. ऐक. चौदाला हा डबा महूला गेला, तर पोर्च त्याचा. नाही गेला, तर त्याच सकाळी भंगारवाला."

"गेला म्हणजे कसा?"

"स्वतःच्या इंजिनवर. ढकलणं, दोरी बांधून ओढणं, उतारावरून सोडणं, सगळं कॅन्सल."

घर दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे भांडणही बरोबरीचं. दीनाताईंनी हात पुढे केला. हाताला ग्रीस होतं. पंचशीलनं शर्ट बघितला, मग हात मिळवला.

"मंजूर," त्या म्हणाल्या.

तो आत गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "बाबांची गाडी मी भंगारात जाऊ देईन का, भिया? पण एक पंगा आहे."

पंगा असा होता. बालदीत बोल्ट पुरेसे नव्हते. सुभेदारांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. कॉलनी नवी होती, प्रत्येकाचं काही ना काही उभं राहत होतं. "सुभेदारसाहेब, एक मजबूत बोल्ट असेल का?" असं म्हणत कुणी आलं की ते बालदीत हात घालत. इंजिनाचा बोल्ट तुटायचा नाही, ही त्यांची खात्री. तो तुटला नाही. वर्षानुवर्षं हेराल्डचं इंजिन कॉलनीभर पसरून काम करत होतं.

"नवे घेऊ की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी केरोसिनकडे बघू लागलो. तरी दुसऱ्या दिवशी त्या मला सियागंजच्या बाजारात घेऊन गेल्या. हार्डवेअरच्या दुकानात बंटी नावाचा दुकानदार होता. त्यानं एक बोल्ट काढून दिला. दीनाताईंनी पिशवीतून हेराल्डचा नट काढला आणि त्यावर फिरवला. दोन वेढे गेला. तिसऱ्याला अडला.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "हेराल्ड इंचाची, हा बोल्ट मिलीमीटरचा. जाडी जवळजवळ एक, चूडी म्हणजे आटे वेगळे. जावयासारखा आहे. पहिले दोन वेढे प्रेमानं, मग अडून बसतो."

"आंटीजी, थोडा जोर लगाओ, चल जाएगा," बंटी म्हणाला.

"चल जाएगा वाला चालत नाही, पळून जातो," दीनाताई म्हणाल्या. तरी त्यांनी मिलीमीटरचे चांगले, पक्क्या पोलादाचे पिशवीभर बोल्ट घेतले. मी विचारलं कशाला. "बदलीला," त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्टीलचा मसाल्याचा डबा उघडला. मसाला नव्हता. एका वाटीत इंजिनाच्या हेडचे नट, एकात वॉशर. हळदीच्या वाटीत फक्त एक बोल्ट. तो मला दिला.

"हा ओळखायला शीक. पिस्टनला धरून ठेवणारा दांडा असतो, त्याचा बोल्ट. चार दांडे, आठ बोल्ट. घरात हा एकच आहे. डोकं बघ, एका बाजूनं सपाट कापलेलं. मधोमध हात फिरव."

मधोमध गुळगुळीत पट्टा होता, बाकीपेक्षा किंचित जाड.

"हे दुसऱ्या कुठल्याच बोल्टला नसतं. पहिले चूडी बघायची, मग अंग, मग डोकं. चेहऱ्यावर कधी भुलायचं नाही."

"आणि बाकीचे सात?"

"कॉलनीत आहेत. काढायचे."

"मागून?"

"मागितले तर लोक विचारतील, मग झोपाळ्याला काय लावू? मग विचार करतील. मग मीटिंग घेतील. चौदा एप्रिल निघून जाईल." नट बोटांत गरगर फिरत होता. "एक काढायचा, त्याच दमाचा नवा लावायचा. चोरी नाही. बदली."

"आणि मी काय करायचं?"

"तू साहित्यवाला ना? लोकांना बोलतं ठेव."

विद्यापीठात असताना माझ्या पदवीचा उपयोग काय, असं मला पुष्कळांनी विचारलं होतं. उत्तर पहिल्यांदाच मिळालं.

पहिला झोपाळा इंदुमतीकाकूंचा. काकू शेजारच्या घरात राहतात. शाळेत शिकवायच्या. त्यांच्या व्हरांड्यात लोखंडी झोपाळा आहे, कुरकुर करणारा. दीनाताई त्यावर बसल्या. ओढणीखाली पाना.

"काकू, तुम्ही शाळेत नाटकं बसवायचात ना?" मी विचारलं.

"बसवायचे म्हणजे? अरे, मुख्याध्यापकांना मी राक्षस केलं होतं! थांब, फोटो दाखवते."

काकू आत गेल्या. दीनाताई झोपाळ्यावरून उतरल्या, एका हातानं साखळी उचलून धरली, दुसऱ्यानं पाना फिरवला. जुना खिशात, नवा जागेवर. मग त्या पुन्हा बसल्या आणि इतक्या जोरानं झोके घेऊ लागल्या की व्हरांड्यातली तुळस हलली. आधी आपलं वजन टाकून बघायचं, हा त्यांचा नियम.

काकू अल्बम घेऊन आल्या. "दीना! लहान आहेस का?" मग त्या थबकल्या. "अगं, ह्याचा आवाज कुठं गेला?"

"वय झालं त्याचं, काकू. शांत झाला."

राक्षसाचे फोटो मी सगळे बघितले. एका अल्बमचे तीन निघाले.

बाकीच्या बदल्याही झाल्या. विहारातल्या माइकच्या स्टँडमधून एक. दूधवाल्याच्या सायकलच्या स्टँडमधून एक. त्याच्याशी मी म्हशींवर बोललो, फार बोललो. बोअरिंगच्या झाकणातून दोन. एक बोल्ट तर कुणाच्या तरी कूलरखाली उन्हाळ्याची वाट बघत होता. हळदीची वाटी भरत गेली. फक्त समोरच्या पांडुरंगजींच्या गेटातला बोल्ट राहिला. ते कॉलनीचे सेक्रेटरी, रेल्वेतून निवृत्त, आणि दिवसभर गेटालाच खुर्ची लावून पेपर वाचतात. त्यांना बोलतं ठेवावं लागत नाही. गप्प करता येत नाही, इतकंच. पण तो दांड्याचा नव्हता, इंजिन गाडीत बसवायचा लांब बोल्ट होता. त्याच्या जागी तूर्त दुसरा चालेल, असं दीनाताई म्हणाल्या. म्हणताना नट थांबला. स्वतःशी खोटं बोलतानाही तो थांबतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एप्रिल लागला. वाटीत सात बोल्ट होते. आठवा कुठंच नव्हता.

पंचशील रोज बँकेतून आला की पोर्चमध्ये उभा राहायचा. "काय आत्या, काही कमी आहे का?"

"आठवा तूच शोधून दे ना."

"मी? मला काय माहीत असणार?" तो गोड हसायचा.

मी सुचवलं की सात बरोबर आहेत, एक जवळपासचा लावू.

"सात भाऊ आणि एक पाहुणा," दीनाताई म्हणाल्या. "ताण पडला की पाहुणा पहिला निघतो. मग दांडा इंजिन फोडून बाहेर येतो. रस्त्यावर. संबोधी मागे बसलेली असताना."

मी पुन्हा सुचवलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी चहा बेचव लागला. आलं नव्हतं.

"मीच नको म्हटलं," पंचशील म्हणाला. "ॲसिडिटी. आता रोज बिगर आल्याचाच चहा कर, आत्या."

दीनाताईंच्या बोटांतला नट थांबला.

तो ऑफिसला गेल्यावर त्या ओट्यापाशी गेल्या. खिडकीत हात फिरवला. डबे हलवले. "प्रणव, माझं आलं ठेचायचं कुठं गेलं?"

"तो काळा तुकडा? इथंच असायचा."

"कसा होता तो?"

मी आठवलं. लेखकानं निरीक्षण करावं, असं आम्हाला शिकवलं होतं. "बोटाएवढा. डोकं जाड. एका बाजूनं सपाट, म्हणून तो गडगडायचा नाही. आणि मध्ये..."

मी थांबलो. दीनाताईही थांबल्या होत्या. मग त्या ओट्याला धरून हसू लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसल्या.

"बाबा आजारी होते तेव्हा काढा करायचे मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आलं ठेचायला बालदीतून हाताला आला तो उचलला. तेव्हापासून रोज ठोकतेय! सगळ्या इंदोरच्या बोल्टची डोकी वाचली मी, आणि हा... आणि हा बदमाश पंचशील! ताप आला तरी आल्याचा चहा मागणारं पोर. त्याला ॲसिडिटी!"

पंचशीलनं तो कधी ओळखला, कुणास ठाऊक. हळदीच्या वाटीतले सात रोज बघत होता. रोज चहाही पीत होता. पण लपवला कुठं, हे त्यांनी दुपारपर्यंत शोधून काढलं. मुलीच्या पाळण्याकडे कधी न फिरकणारा बाप काल रात्रीपासून येता-जाता तिच्या गादीला थापट्या मारत होता. दीनाताईंनी संबोधीला उचललं आणि गादी उचलली. खाली फळीच्या खाचेत बाळाचा मोजा होता. मोज्यात बोल्ट.

मला वाटलं, आता घ्यायचा आणि पळायचं. दीनाताईंनी मोजा होता तसा ठेवला.

"आत्ता नेला तर संध्याकाळी चाचपेल. दुसरं काहीतरी करेल. बदली व्यवस्थित करायची."

त्यांनी सियागंजच्या पिशवीतला एक मिलीमीटरचा बोल्ट निवडला, त्याच लांबीचा. गॅसवर काळा केला. मग त्याला आल्याचा रस चोळला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वास नको यायला?"

संध्याकाळी पंचशील आला, तसा मी त्याला पोर्चबाहेर गाठला. "दादा, नवी गाडी नक्की कुठली घेतलीत?"

"तुला गाड्यांत इंटरेस्ट?"

"सनरूफ म्हणजे काय असतं, तेवढं सांगा."

तो सांगू लागला. सनरूफ, कॅमेरा, मायलेज, सीटचं कापड. आत दीनाताई संबोधीला तेल लावत होत्या आणि तिला मोठ्यानं गाणं म्हणत होत्या. गाणं थांबलं, तेव्हा मी सनरूफला नमस्कार केला आणि वर गेलो. थोड्या वेळानं पंचशीलच्या थापट्या ऐकू आल्या. धप, धप. मग समाधानाची शीळ.

आठवा बोल्ट केरोसिनमध्ये रात्रभर राहिला. थर निघाला. डोक्यावर खूप मार बसला होता, पण डोक्याखालची कड आणि चूडी शाबूत होती. दीनाताईंनी पट्टीचे दात चूडीत बसवून उजेडाकडे धरले. फट नव्हती. बाकीच्या सातांशेजारी उभा करून लांबी बघितली. मग हेराल्डचा नट त्यावर ठेवून बोटानं टिचकी मारली. नट फिरत फिरत शेवटपर्यंत गेला.

"हा घरचा," त्या म्हणाल्या.  

पुढचे दिवस इंजिन मिटत गेलं. पंचशील येऊन बघायचा, सहानुभूतीनं मान हलवायचा. त्याचा पाळण्यावर विश्वास होता. त्यानं भंगारवाल्याला वेळ दिली, कॉलनीला सांगितलं, गाडीला निरोप द्यायला या.

चौदाच्या सकाळी कॉलनी आली. गल्लीत निळ्या पताका लागल्या होत्या. भंगारवाला लोडिंग रिक्षा घेऊन आला होता. इंदुमतीकाकू खुर्ची घेऊन आल्या. पांडुरंगजी आपल्या गेटातून बघत होते. दीनाताई पांढऱ्या साडीत गाडीत बसल्या. चोक ओढला. किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं. पुन्हा किल्ली. पोर्च धुरानं भरला. आणि मग धुरातून एक सलग, घोगरा आवाज येऊ लागला आणि येतच राहिला.

पंचशील आत धावला. मोजा घेऊन आला, उलटा केला. बोल्ट हातात पडला. त्यानं तो हुंगला. "हा तर इथंच आहे! मग आत काय लावलंय?"

"डोकं वाच," दीनाताई म्हणाल्या.

त्यानं आलं पुसलं. "आठ पॉइंट आठ."

"मिलीमीटरवाल्यांवर लिहिलेलं असतं ते. हेराल्डला मिलीमीटर माहीत नाही, भिया."

पंचशीलचं तोंड हेराल्डच्या बॉनेटसारखं उघडं राहिलं. त्याची बायको सर्वांत मोठ्यानं हसली. तेवढ्यात काकूंनी कान टवकारले.

"दीना, इंजिनातून मधूनच कुरकुर येतेय. माझ्या झोपाळ्यासारखी."

"वाटत असेल, काकू," दीनाताई म्हणाल्या आणि इंजिन पटकन बंद केलं.

पण त्या निघाल्या नाहीत. खाली वाकल्या, इंजिनाच्या पायापाशी हात लावला. तूर्त लावलेला बोल्ट त्यांना पटत नव्हता. त्या उठल्या, पाना घेतला, सरळ रस्ता ओलांडला आणि सगळ्यांसमोर पांडुरंगजींच्या गेटातला लांब बोल्ट काढला.

"दीनाजी! ये काय करताय? माझं गेट आहे ते!"

"बदली, पांडुरंगजी." त्यांनी पताकांची निळी दोरी तोडून गेट खांबाला बांधलं. "एवढा लांब नवा मिळाला नाही अजून. महूहून आले की लावते. वचन."

पांडुरंगजी पहिल्यांदाच गप्प झाले.

आम्ही गेलो. पुढे दीनाताई आणि मी, मागे पंचशील, त्याची बायको आणि झोपलेली संबोधी. वाटेतलं राऊ गाव आलं तसा पंचशील मागून पुढे वाकला. मग हळूच म्हणाला, "पिकअप बुरा नाही हं." आरशात दीनाताईंचे दात दिसले.

महूला अभिवादन झालं, गर्दीत सगळ्यांना जयभीम झाला. नंतर त्या आम्हाला सुभेदारांच्या एका जुन्या सोबत्याच्या घरी घेऊन गेल्या. म्हातारबाबा दारात आले आणि हेराल्ड बघून खाटेवर बसले. मग त्यांनी आम्हाला मागे नेलं. अंगणात एक जीप होती. बॉनेट उघडं. शेजारी पिंप, काठोकाठ बोल्टांनी भरलेलं.

"कुणी मागितला तर देतो मी एखादा," ते म्हणाले.

दीनाताईंनी चष्म्याची डबी उघडली.

आम्ही बसनं परत आलो. पंचशीलची नवी गाडी रस्त्यावर उभी असते. पोर्च रिकामा आहे, पण शर्त म्हणजे शर्त, असं तो म्हणतो. दीनाताई आणि हेराल्ड अजून महूलाच आहेत. फोनवर सांगतात, अर्धी जीप एका भजी-दुकानात सापडली, उरलेली शोधतेय.

पांडुरंगजी रोज मला हाक मारतात. "क्यों प्रणव, आल्या का?" बंटीनं मागवून दिलेला लांब बोल्ट कधीच आला आहे. तो हळदीच्या वाटीत ठेवला आहे. मी लावू का, असं फोनवर विचारलं.

"चूडी न बघता हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येतेच."

गेट अजून निळ्या दोरीनंच बांधलेलं आहे.